घरच्या घरी गिटारचं प्रीअँप पेडल: आवाज नाही आला तर आधी मल्टिमीटर लावा

प्रीअँप पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा, गिटारचा सिग्नल मोठा करणारा छोटा डबा. नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) एका चकरीत जवळपास सगळं सामान मिळून जातं, टीएल०७२ आयसी (सिग्नल वाढवणारी ऑप-अँप चिप), तिचा ८ पिनचा सॉकेट (हा घ्याच, डायरेक्ट आयसीला सोल्डर मारू नका), झीरो पीसीबी (नुसती भोकं असलेला सोल्डरिंगचा बोर्ड), रेझिस्टन्स, कपॅसिटर. फूटस्विच (पायाने दाबायचा स्विच) आणि अ‍ॅल्युमिनियमचा डबा मी ऑनलाइन मागवला.

आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) लावा. ९ व्होल्टचा सप्लाय १० के (के म्हणजे हजार ओहम) च्या दोन रेझिस्टन्सनी अर्धा करायचा, मधल्या पॉइंटपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, हे झाले आपले ४.५ व्होल्ट. तिथून १ मेगचा (दहा लाख ओहम) रेझिस्टन्स आयसीच्या पिन ३ ला, आणि गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच पिनवर. १ मेगच्या जागी १०० के लावलं तर पिकअपवर (तारांची कंपनं पकडणारं गिटारमधलं कॉइल) लोड येतो आणि वरचा खणखणीतपणा जातो, म्हणून इथे कंजूषी नको. पिन १ ते २ मध्ये ४७ के, पिन २ पासून १० के, त्याच्यापुढे ४.७ मायक्रोफॅरड आणि मग ग्राउंड. गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, झाला ५.७ पट, क्लीन बूस्टला (आवाज न फाटता वाढवायला) भरपूर आहे. पिन १ वरून १ मायक्रोफॅरड, मग १०० के व्हॉल्यूम, मग आउटपुट जॅक. पिन ८ ला ९ व्होल्टचा प्लस, ४ ला ग्राउंड. उरलेल्या अर्ध्या आयसीचं ५ नंबर ४.५ ला आणि ६-७ एकमेकांना जोडून टाका.

आता माझी चूक सांगतो, कारण ती खूप जणांची होते. मी तो ४.७ वाला कपॅसिटर विसरलो आणि १० के सरळ ग्राउंडला दिला. गिटारचा आवाज फाटका, दबलेला, स्ट्रिंग जोरात मारली तरच थोडंसं ऐकू यायचं. दोन संध्याकाळी मी नुसत्या आयसी बदलत बसलो, तीन बदलल्या! शेवटी मीटर लावला तर पिन १ वर साधारण ८ व्होल्ट, म्हणजे सिग्नलसोबत ते ४.५ व्होल्टपण गेन होऊन आउटपुट वर जाऊन चिकटलं होतं. कपॅसिटर टाकला, पिन १ वर ४.५ आले आणि पहिला ई मायनर कॉर्ड एकदम मोकळा वाजला, अंगावर काटा आला राजा.

म्हणून काळा प्रोब ग्राउंडला धरून आधी पिन ८ (९ व्होल्ट हवेत), मग १ (४.५ हवेत) बघा. पिन ३ वर ४.१ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, १ मेगमुळे मीटर स्वतःच थोडं खाली ओढतो.

व्होल्टेज बरोबर आणि तरी आवाज नाही? अँपच्या केबलच्या टोकाला ०.१ चा कपॅसिटर लावा, केबलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोडा, गिटार वाजवत ठेवा आणि इनपुटपासून एकेका पॉइंटला टेकवत पुढे जा, जिथे आवाज गायब होतो तिथेच लोचा आहे. बहुतेक वेळा खडबडीत, मॅट दिसणारा सोल्डरचा टाका निघतो, पुन्हा गरम करा.

आणि घूं असा आवाज येत असेल तर गिटारचा व्हॉल्यूम झीरो करा. बंद झाला तर पेडल निर्दोष आहे, सिंगल कॉइल पिकअप बाजूच्या कूलरची मोटर पकडतोय, मे महिन्यात आपल्याकडे हे होणारच, गिटार घेऊन जरा लांब बसा. चालूच राहिला तर डबा ग्राउंडला जोडलाय का ते बघा.