वळीव येण्याआधी माशांच्या टाकीला रात्रीची हवा द्या

एप्रिल सरत आला. दुपारी पारा चाळिशीपार, चारच्या सुमारास पश्चिमेला ढग, सहाला वावधान सुटतं आणि लाईट जाते ती पहाटेपर्यंत. परसात टाकी मांडून मासे आणि भाजी एकाच पाण्यावर घेणाऱ्यांना वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री या. रोपं, खाद्य, पाण्याची तपासणी मागाहून बघू. आधी सांगा, लाईट गेल्यावर तुमच्या टाकीत हवा कोण सोडणार?

मागच्या वैशाखात अंबाजोगाईकडच्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. हजार लिटरच्या टाकीत रोहू-कटला, वरच्या खडीच्या वाफ्यात मेथी, पुदिना, अळू. पाईप त्यांनी स्वतः जोडलेले, बेल सायफनसुद्धा (वाफा भरला की पाणी आपोआप टाकीत उतरवणारी नळी) हाताने कापून बसवलेला. आदल्या संध्याकाळी माशांना पोटभर खाद्य घातलं, साडेदहाला लाईट गेली, सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. गुरुजी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अहो, छतावर तीन किलोवॉटचं सोलर आहे की माझ्या!"

हेच वाक्य मी किती अंगणांत ऐकलं आहे, आणि दर वेळी उशीर झालेला असतो. म्हणून स्पष्ट लिहितो. नेट मीटरवालं छतावरचं सोलर बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं आणि बॅटरी नसलेलं असतं. महावितरणची लाईन बंद पडली की त्याचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये. भर दुपारी, लख्ख उन्हातही तो बंदच राहतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, योजना चांगली आहे, बिल वाचतं. पण त्या सोलरच्या भरवशावर मासे वाचत नाहीत.

पाणी जितकं तापतं तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला जेमतेम साडेसात. माशांना तो ५ च्या वर लागतो, ३ च्या खाली गेला की ते गुदमरतात. रात्री शेवाळ, मुळं, खडीतले जिवाणू, तळाची घाण, सगळेच तो ओढतात, म्हणून पहाटे चार ते सहाच्या दरम्यान साठा तळाला जातो. मासे वर येऊन तोंड वासताना दिसले, तर वेळ फार थोडा उरला आहे.

वाचलेल्या माशांनाही दुसरा फटका बसतो. माशांच्या घाणीतला अमोनिया खडीतले जिवाणू पचवतात. खडीतून पाणी फिरलं नाही की ते मरू लागतात आणि पुढच्या आठवड्यात अमोनिया चढतो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त, सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास किंवा वर. ३० अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू साडेआठ झाला की तोच वीस भागांवर जातो.

उपाय स्वस्त आहे. १२ व्होल्टचा, २० वॅटचा डीसी एअर पंप घ्या आणि त्याची बॅटरी वेगळी ठेवा. बारा तास चालायला २४० वॅट-तास लागतात, म्हणजे १२ व्होल्टला २० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ४० अँपिअर-तासाची काठावर पुरते. मी ६० ची सांगतो. तिला १०० वॅटचं सोलर पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारी डबी) द्या, पॅनेल दक्षिणेकडे १८-२० अंश कललेलं. घरच्या इन्व्हर्टरवर पंप लावून निर्धास्त राहू नका. त्याच बॅटरीवर तीन पंखे आणि टीव्ही चालतो, दोन वाजेपर्यंत ती संपते आणि तुम्ही झोपेत असता.

दुकानदार ऑक्सिजनच्या गोळ्या पुढे करेल. त्या थोडा वेळ साथ देतात, रात्र काढत नाहीत. जिवाणूंची महागडी बाटलीही घेऊ नका. शेजारच्या चालू टाकीतली बादलीभर खडी आणून आपल्या वाफ्यात टाका, तीत जिवंत जिवाणू असतात.

माझे दोन ठोकताळे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळहात दिसत नसेल तर शेवाळ माजलं आहे, ती टाकी पहाटे दगा देणार. आणि रात्री टॉर्च मारल्यावर पाण्यातल्या गोगलगायी भिंतीवरून काठाला जमलेल्या दिसल्या, तर मी त्या रात्री झोपत नाही. तशीच एक सवय लावून घ्या: चारला पश्चिमेकडे ढग दिसला की त्या संध्याकाळी खाद्य बंद. मासा दोन दिवस उपाशी सहज काढतो. भरल्या पोटी त्याला प्राणवायू जास्त लागतो.

पंप बंदच पडला, तर बादलीने पाणी उचलून चाळणीतून उंचावरून परत टाकीत ओता, दिवस उजाडेपर्यंत. बोअरचं पाणी घालायचं तर तेही चाळणीतूनच, थोडं थोडं, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

बाकीची कामं:
– टाकीवर ५० टक्क्यांची शेडनेट, पॅनेलवर सावली नको
– पॅनेल आठवड्याला सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुणे
– बॅटरीत महिन्याला डिस्टिल्ड वॉटर
– हजार लिटरला २० किलोंपर्यंतच मासे
– नळाचं पाणी २४ तास उघड्या भांड्यात ठेवून, क्लोरीन उडाल्यावर मगच भरणे
– खडी काळ्या दगडाची. व्हिनेगर टाकून फेस आला तर चुनखडी, ती नको
– थाई मांगूर जातीचा मासा आणू नका, बंदी आहे

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. दुकानात ईडीटीए चिलेट (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोहाचं खत) देतात, आपल्या सामूला ते टिकत नाही. ईडीडीएचए चिलेट मागा. ६ टक्के लोहाचं असेल तर हजार लिटरला साधारण ३३ ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा.

माव्यासाठी शेतात ५ टक्के निंबोळी अर्क जरूर मारा, टाकीवरच्या वाफ्यात मात्र नको, तो थेंबाथेंबाने माशांपर्यंत जातो. तिथे पाण्याचा जोरदार फवारा आणि पिवळे चिकट सापळे पुरतात. शेजारी सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असेल तर टाकी झाकून घ्या. त्याचा वाऱ्यावर आलेला अंशही माशांना घातक.

येत्या रविवारी जेवणं झाली की घराचा मेन स्विच पाडा. त्या दिवशी संध्याकाळचं खाद्य देऊ नका. अकराला, दोनला आणि पाचला टॉर्च घेऊन टाकीपाशी जा. बुडबुडे थांबलेले दिसले तर लगेच मेन स्विच चालू करा, किती वाजले ते लिहून ठेवा, आणि सोमवारी मोठी बॅटरी आणा.