पुण्यात बसून अमेरिकेतलं अर्थिंग काढताना

डिप्लोमा झाल्यावर पहिली तीन वर्षं मी साइटवर काढली. अर्थ पिट खणायचा, पाइप उभा करायचा, कोळसा-मिठाचे थर द्यायचे, पाणी ओतायचं, अर्थ टेस्टर लावून आकडा लिहायचा. नंतर पुण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात लागलो. तिथलं सगळं काम अमेरिकेतल्या इमारतींचं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं, म्हणजे एनईसीचं, आर्टिकल 250 समोर आलं. ते ग्राउंडिंगचं, म्हणजे आपल्या अर्थिंगचं.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी तेच वाचायला सांगतो. हा कोड काढणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या साइटवर नाव नोंदवलं की कोड फुकट वाचता येतो. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, पण प्रत्येक राज्य ती आपल्या सवडीने लागू करतं. म्हणून आपल्या प्रोजेक्टला कोणती आवृत्ती लागते हे आधी पाहा, मग कलम शोधा.

साइटवरून आलेल्या माणसाच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो: फॉल्ट झाला की करंट जमिनीत जातो आणि ब्रेकर पडतो. माझाही तोच होता. आमच्या सीनियरने कागदावर एक भागाकार मांडला. 120 व्होल्ट, जमिनीत ठोकलेल्या रॉडचा रेझिस्टन्स 25 ओहम. करंट येतो 4.8 अँपिअर. 20 अँपिअरचा ब्रेकर त्याने जागचा हलणार नाही. ब्रेकर पाडायचा तर करंट तारेतूनच ट्रान्सफॉर्मरकडे परतला पाहिजे: उपकरणाची ग्राउंड वायर, मेन पॅनेलमधला बाँडिंग जंपर, म्हणजे ग्राउंड आणि न्यूट्रल जोडणारा तुकडा, तिथून न्यूट्रल. जमिनीतला रॉड असतो तो वीज पडली किंवा लाइनवर सर्ज आला तर त्यासाठी, आणि सिस्टिमचं व्होल्टेज जमिनीच्या हिशेबात स्थिर राहावं म्हणून. हे एकदा पटलं की निम्मं आर्टिकल आपोआप उलगडतं. मेन पॅनेलच्या पुढच्या सबपॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड पुन्हा का जोडायचे नाहीत, तेही कळतं. जोडले तर न्यूट्रलचा रोजचा करंट पॅनेलच्या पत्र्यातून आणि पाइपांतून वाहायला लागतो.

रॉडसारख्या जमिनीतल्या इलेक्ट्रोडकडे जाणारी वायर म्हणजे ग्राउंडिंग इलेक्ट्रोड कंडक्टर. ऑफिसात आम्ही नुसतं जीईसी म्हणतो. तिचा साइज 250.66 च्या टेबलातून, सर्व्हिस कंडक्टरच्या, म्हणजे इमारतीत वीज आणणाऱ्या मुख्य तारेच्या, साइजवरून काढायचा. सर्व्हिस तांब्याच्या 3/0 ची असेल तर जीईसी तांब्याची 4 नंबर. तीच वायर फक्त रॉडला जाणार असेल, तर सर्व्हिस कितीही मोठी असो, 6 नंबरपेक्षा जाड लागत नाही. एडब्ल्यूजीत, म्हणजे तारेच्या जाडीच्या या अमेरिकन मापात, नंबर वाढला की वायर बारीक होते. आपल्या चौरस मिलिमीटरची सवय असलेल्याने सुरुवातीला हे रोज घोकावं.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो जॉइंटवर. त्याचं कारण जुनं आहे. गावाकडच्या एका पंपघरात मी जी.आय. पाइपला गुंडाळलेली तांब्याची तार पाहिली होती. तीन वेढे देऊन पिळलेली, खाली हिरवट भुकटी साचलेली. मी बोट लावलं आणि ती सुटून हातात आली. त्या घरात लोक वर्षानुवर्षं ओल्या पायांनी स्टार्टर दाबत होते.

म्हणून 250.70 शब्द न् शब्द वाचा. जोड द्यायचा तो लिस्टेड, म्हणजे त्या कामासाठी तपासून मान्य केलेल्या, क्लॅम्प, लग किंवा प्रेशर कनेक्टरने, नाहीतर एक्झोथर्मिक वेल्डने, म्हणजे पावडर पेटवून वितळलेल्या धातूच्या जोडाने. नुसत्या डाखावर विसंबलेला जॉइंट चालत नाही. एका क्लॅम्पमध्ये एकच वायर, क्लॅम्प जास्त वायरींसाठी लिस्टेड असेल तर गोष्ट वेगळी. जमिनीत गाडायचा क्लॅम्प मातीत गाडण्यासाठीच लिस्टेड हवा. रंग असेल तिथे तो खरवडून धातू उघडा करायचा. मध्ये वायर जोडत जायचं नाही; जोडावीच लागली तर पुन्हा न उघडणारा लिस्टेड कॉम्प्रेशन कनेक्टर किंवा वेल्ड. जॉइंट पाहता येईल अशा जागी हवा, मात्र मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडलेल्याला यातून सूट आहे. पाण्याच्या धातूच्या पाइपला जोडत असाल तर पाइप इमारतीत शिरतो तिथून 5 फुटांच्या आत जोडा, आणि सोबत दुसरा इलेक्ट्रोड द्याच, कारण उद्या कोणी तोच पाइप प्लास्टिकचा करेल.

शेवटचं सांगायचं ते पायातल्या सळईबद्दल. निदान अर्धा इंच जाडीची, 20 फूट लांबीची सळई जमिनीला टेकलेल्या पायाच्या काँक्रीटमध्ये असेल, तर ती स्वतःच इलेक्ट्रोड ठरते. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनातल्या कोरड्या जमिनीवर, बॉम्बच्या कोठारांसाठी हर्बर्ट उफर यांनी ही पद्धत वापरली, म्हणून तिला उफर ग्राउंड म्हणतात. नव्या इमारतीत अशी सळई असेल तर ती वापरावीच लागते. माझ्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मी हे इलेक्ट्रिकल शीटवर बरोबर लिहिलं होतं. पण पाया ओतणाऱ्यांच्या हातात स्ट्रक्चरल शीट असते. काँक्रीट ओतून झालं तेव्हा सळईचं टोक कुठेच बाहेर नव्हतं. इन्स्पेक्टरने काम थांबवलं आणि एक कोपरा फोडून सळई उघडी करावी लागली. तेव्हापासून ही नोट मी स्ट्रक्चरलवाल्यांच्या टेबलाशी जाऊन त्यांच्या फाउंडेशन प्लॅनवर घालून घेतो, आणि शीट बाहेर पडायच्या आधी ती तिथे आहे ना हे स्वतः बघतो.