सूत्र पाठ होतं, तरी गणित चुकायचं

अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणातला क्ष काढायचं सूत्र मी झोपेतही म्हणू शकत होतो: क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ. तरीही दहातली चार-पाच गणितं चुकायचीच. आपली आकडेमोड कच्ची आहे, असं मी धरून चाललो होतो. एकदा जुनी वही काढून फक्त चुका पाहत बसलो, तर बहुतेक ठिकाणी घोळ चिन्हांचा निघाला.

२क्ष² − ५क्ष = ३ हेच घ्या. मी बिनधास्त क = ३ लिहायचो. आधी ३ डावीकडे आणून उजवीकडे शून्य करायला हवं, मगच अ = २, ब = −५, क = −३ मिळतात. ब चं वजा चिन्ह त्याच्या अंगालाच चिकटलेलं असतं, त्यामुळे −ब म्हणजे ५ आणि ब² म्हणजे २५. (−२५ लिहिणाऱ्यांत मी बरीच वर्षं होतो.)

नवख्यांना माझं एकच सांगणं: अख्ख्या सूत्रात एकदम किमती कोंबू नका. ब² − ४अक, म्हणजे विवेचक, आधी बाजूला काढा. इथे २५ + २४ = ४९. ऋण आला तर वास्तव मुळे (म्हणजे क्ष ची वास्तव उत्तरं) नाहीत, पुढची मेहनत वाचली. शून्य आला तर दोन्ही मुळे समान. ४९ सारखा पूर्ण वर्ग आला, तर अवयव पाडूनही जमलं असतं हे कळतं आणि थोडं हसू येतं. मग क्ष = (५ ± ७)/४, म्हणजे ३ किंवा −१/२.

माझी दुसरी खोड म्हणजे २अ ने फक्त वर्गमुळाला भागायचं. ती गेली सूत्राची सिद्धता स्वतः लिहून पाहिल्यावर. पुस्तकातली सिद्धता आधी अ ने भागते आणि अपूर्णांकांचं जंगल उभं करते. मी तिथेच कंटाळायचो. जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत त्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ती श्रीधराचार्यांच्या नावानिशी नोंदवली आहे. अक्ष² + बक्ष + क = ० ला ४अ ने गुणा, ४अक उजवीकडे न्या आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवा. डावीकडे (२अक्ष + ब)² तयार होतो, उजवीकडे ब² − ४अक. वर्गमूळ घेताना ± येतो, ब पलीकडे जाताना वजा होतो आणि शेवटी २अ ने सगळ्यालाच भागावं लागतं. हे एकदा हाताने केलं की छेदाची रेघ आपोआप लांब ओढली जाते.

उत्तर आल्यावर पाच सेकंदांची तपासणी: मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ यायला हवा. इथे ३ − १/२ = ५/२, आणि ३ × (−१/२) = −३/२. दोन्ही जुळतात. बेरीज नेमकी उलट्या चिन्हाची आली, तर −ब च्या जागी काय लिहिलंय ते आधी बघा.