महाधमनीचा सीटी: आकडा वाढला, पण धमनी वाढली का?

गेल्या पावसाळ्यात डिचोलीचे एक काका मुलाला घेऊन आले. छातीतल्या महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, रुंदी आदल्या वर्षीच्या रिपोर्टात ४४ मिलिमीटर, यंदाच्या ४९. वर्षात ५ मिलिमीटर वाढ म्हटली की ऑपरेशनचा विषय निघतोच, त्यामुळे घरात कुणाला झोप नव्हती. दोन्ही सीटी शेजारी लावून मी पुन्हा मोजलं. तेव्हा ४४, आता ४५.

तवसं तिरकं कापलं की चकती लांबट निघते, तसा हा प्रकार. महाधमनी हृदयातून वर येते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या बाजूने खाली उतरते. सीटीचे काप मात्र आडवे. वळणावर ती लंबगोल दिसते आणि लांब बाजूवर रेघ ओढली की आकडा फुगतो. काप धमनीला काटकोनात फिरवून, दोन्ही वेळा त्याच जागी मोजायला हवं. घाईत हे राहून जातं, आम्हा मोजणाऱ्यांकडूनच.

गेल्या वर्षीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि यंदाचा सीटी यांची वजाबाकीही करू नका. भिंत धरून मोजलं की आतल्या आत, एवढ्यानेही एक-दोन मिलिमीटर हलतात.

हृदयालगतचा भाग बघायचा असेल तर ईसीजी-गेटेड, म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेला, सीटी मागा. साध्या सीटीत ठोक्याबरोबर धमनी हलते, कडा दुहेरी उमटते आणि आतलं अस्तर फाटल्यासारखं वाटतं. त्या सावलीने चांगल्या चांगल्यांना फसवलंय. उलट, छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली आणि एक्स-रे नॉर्मल निघाला, तर तेवढ्यावर घरी जाऊ नका. अस्तर खरंच फाटलेलं असलं तरी एक्स-रेत ते सुटू शकतं. घरी असाल तर थेट १०८.

सीटीत धमनी उठून दिसावी म्हणून शिरेतून डाय देतात; तो देण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवा. तरुण पेशंटला वर्षानुवर्षं तपासण्या लागणार असतील तर एमआरआयचं विचारा, त्यात किरणोत्सर्ग नसतो. साधारण ५५ मिलिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो. मार्फानसारख्या, धमनीची भिंत जन्मतःच कमकुवत असणाऱ्या आजारात त्याआधीच.

आणि नुसता रिपोर्ट आणू नका, व्हॉट्सॲपवरचा फिल्मचा फोटो तर नकोच. सीडी आणा. काकांची सीडी तांदळाच्या डब्यात होती, पावसात बुरशी धरू नये म्हणून काकींनी ठेवलेली. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी मला ती पुसावी लागली, पण चालली.