कडक डोहाळे म्हणून सोडून देऊ नका

आमच्या फोंड्याकडे अजूनही कुणाला दिवस गेले नि सारख्या ओकाऱ्या सुरू झाल्या की घरची मोठी माणसं म्हणतात डोहाळे कडक लागलेत, तीन महिने काढ. बहुतेकींचं थांबतंही. पण काहींच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा राहत नाही, वजन उतरत जातं, त्याला हायपरएमेसिस म्हणतात. माझ्या वहिनीला तेच होतं आणि आम्ही दीड महिना पेज नि लिंबूपाणी करत बसलो, म्हणून हे लिहितोय.

आधी कारण समजून घ्या, घरच्यांना समजवायला तेच लागतं. जीडीएफ15 नावाचं एक हार्मोन आहे, प्रोटीनच ते, गरोदरपणात मुख्यतः बाळ आणि वारेकडून आईच्या रक्तात येतं नि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. 2018 मध्ये संशोधक मार्लेना फेझो यांनी हजारो बायकांचे जीन्स तपासून याच्यावर बोट ठेवलं (त्यांचं स्वतःचं बाळ 1999 मध्ये याच आजारात गेलं होतं). मग 2023 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिलींबरोबर पुढचं कळलं, जिच्या अंगात हे हार्मोन आधीपासून कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून दिवस गेल्यावर एकदम वाढलं की तिलाच जास्त त्रास. बीटा थॅलेसेमियात (हा रक्ताचा जन्मजात आजार) ते आधीच भरपूर असतं, तर त्या बायकांना मळमळ फार कमी होते. आणि जीन्स जन्मापासून तेच असतात, ओकाऱ्या झाल्या म्हणून बदलत नाहीत, त्यामुळे हा पुरावा मला पक्का वाटतो. "मनाचं आहे" असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

आता करायचं काय. पहिल्याच व्हिजिटच्या आधी आईला, सख्ख्या बहिणीला विचारा की त्यांना असं झालेलं का, कारण बहिणीला झालं असेल तर धोका सुमारे 17 पट असतो, नि हे डॉक्टरला आपणहून सांगा. दिवस जायच्या आधीचं वजन लिहून ठेवा. 50 किलोची बाई साडेसत्तेचाळीसवर आली म्हंजे 5 टक्के गेले, मग थांबायचं नाही. आठ तास लघवी नाही, किंवा गडद होतेय, उठताना चक्कर येते, दिवसभर काहीच टिकत नाही, यातलं एक जरी असलं तरी हॉस्पिटल. रात्र असेल तर 108 लावा, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहेच, म्हापसा नि मडगावला जिल्हा हॉस्पिटलं. तिथे लघवीतले कीटोन (उपाशी राहिल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते) तपासायला सांगा.

आणि हे नक्की विचारा: बरेच दिवस खाणं नसेल तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायामिन म्हणजे बी1 दिलंय का? ते राहिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. साधारण त्रासात डॉक्सिलामाइन नि बी6 ची गोळी डॉक्टर देतात, तीही लवकर मागा, अंगावर काढू नका.

घरी फोडणी नि सुकं मासळी भाजणं काही दिवस बंद. थंड पेज चमचा चमचा.

जीन टेस्टवर पैसे घालवू नका, रिपोर्टमुळे आजची ट्रीटमेंट बदलत नाही. दिवस जायच्या आधीपासून मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेऊन हे हार्मोन वाढवता येईल का यावर अभ्यास चालूय, पण मनाने गोळी सुरू करू नका, दुसऱ्या खेपेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरकडे बसून बोला. आमची वहिनी यावेळी तेच करणार आहे.