ख्रिश्चन कॉलेजचा फॉर्म भरताय? आधी माहितीपत्रकाची मागची पानं वाचा

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या नेट कॅफेत फॉर्म भरायला गर्दी होते. त्यात दरवर्षी काही पोरं अशी असतात, की त्यांना मुंबईचं सेंट झेवियर्स किंवा विल्सनच हवं असतं, नाहीतर अहिल्यानगरचं अहमदनगर कॉलेज. या ख्रिश्चन कॉलेजांत खास काय आहे विचारलं तर उत्तर येतं, "नाव हाय की मोठं!" नाव आहेच. विल्सन १८३२ सालचं, झेवियर्स १८६९चं. पण घरच्यांनी खोलीभाडं आणि खानावळीचा खर्च सोसून पाठवायचं, तर नावाखेरीज पदरात काय पडणार ते आधी बघा. पुढची पानं फी आणि इमारतीच्या फोटोंची असतात. मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय), ऑनर्स, जादा क्रेडिट (विषय पुरा केला की खात्यात जमा होणारे श्रेयांक), इंटर्नशिप हा कामाचा मजकूर मागं असतो, आणि तो कुणी उघडत नाही.

पहिलं काम, सगळीकडे मिळतं ते बाजूला काढा. नव्या शैक्षणिक धोरणानं मेजर (मुख्य विषय)-मायनर, ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा विषय), ऑन जॉब ट्रेनिंग ही रचना आपल्या राजाराम कॉलेजातही आणली आणि विवेकानंदमध्येही. तेवढ्यासाठी मुंबई गाठायचं कारण नाही. तिथं कोणता मायनर मिळतो, याला महत्त्व आहे. कॉमर्सच्या पोरीला मानसशास्त्र मायनर हवं असेल तर कार्यालयात नेमकं विचारा: या मायनरला जागा किती, त्या कशावर देता, कोणत्या सेमिस्टरला निवडायचं आणि मेजरच्या तासांशी वेळ जुळते का. 'विषय उपलब्ध' असं छापलेलं असतं. तो आपल्याला मिळेल असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. फोनवर विचारू नका. ईमेल करा आणि आलेल्या उत्तराची प्रिंट फाइलला लावा.

दुसरं, त्या कॉलेजचं स्वतःचं काय ते शोधा. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात. त्यांचा सामाजिक सहभागाचा उपक्रम फार जुना आहे. पोरांना वस्तीत, संस्थेत जाऊन ठरलेले तास काम करावं लागतं. आपल्याकडं याला 'टाइमपास' म्हणणारे पालक भेटतात. मला विचाराल तर हॉस्टेलच्या पैशांत वसूल होणारी हीच गोष्ट आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तिथं स्वतंत्र केंद्र आहे. घरात असं लेकरू असेल तर कट-ऑफ बघायच्या आधी त्या केंद्राशी बोला. पुस्तकं कोणत्या स्वरूपात मिळतात, लेखनिकाचं काय, हे तिथली माणसं नीट सांगतील.

ऑनर्स म्हणजे काय, यावर काउंटरवर रोज वाद होतो, म्हणून सविस्तर लिहितो. तीन वर्षं केली की साधी पदवी, चौथं केलं की ऑनर्स. 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. तिसऱ्या वर्षी जागं होऊन ही टक्केवारी भरून निघत नाही, पहिल्या सेमिस्टरपासून ती मोजली जाते. प्रवेश घेतानाच विचारा, या विषयाचं चौथं वर्ष इथंच होतं का, आणि विभागात पीएचडीचे मार्गदर्शक आहेत का. नसतील तर चौथ्या वर्षी पुन्हा कॉलेज शोधत फिरावं लागेल. चौथं वर्ष करणाऱ्याला पुढं एमए-एमएस्सी एका वर्षात करता येतं, हे घरच्यांना सांगा. 'अजून एक वर्ष?' हा प्रश्न तिथंच मिटतो.

क्रेडिटचं खातं, म्हणजे एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी, आधीच काढून ठेवा. डिजिलॉकरमधून फुकट निघतं. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. 'पाटील'चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असलं तरी गाडी अडते.

ऑन जॉब ट्रेनिंग चार क्रेडिटचं असतं, साधारण १२० तासांचं. कॉलेजनं परवानगी दिली तर ते सुट्टीत कोल्हापूरलाच करा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा हिशेब विभाग, हुपरीतला चांदीचा कारखाना, शाहूपुरीतल्या सीएचं ऑफिस, काहीही चालेल. फक्त परवानगी लेखी घ्या आणि हजेरीवर रोज सही-शिक्का घ्या. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ पासून मुभा दिली आहे. रोजच्या कॉलेजसोबत दूरशिक्षणातली दुसरी पदवी चालते. पण दोन्हींच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर निस्तरायचं तुम्हालाच आहे.

आता कोट्याबद्दल. अशा ख्रिश्चन अल्पसंख्याक संस्थांत ख्रिश्चन विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं किंवा फादरचं पत्र लागतं. आमच्या वायल्डर मेमोरियल चर्चसारख्या प्रोटेस्टंट मंडळीतल्यांनी एक तपासावं: कॅथलिक संस्थेत काही वेळा कॅथलिकांना आधी घेतात, तेव्हा नियमावलीत शब्द काय आहे ते बघा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म वेगळा लिहिलेला असेल तर अर्ज तिथंच लटकतो. आणि अनुसूचित जातीची सवलत व ख्रिश्चन अल्पसंख्याक कोटा एकाच वेळी मागता येत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. हे कडू आहे, पण फॉर्म भरण्याआधी घरात बसून ठरवा, काउंटरवर नको.

ज्यांना ख्रिस्ती धर्मशास्त्रच शिकायचंय त्यांची वाट वेगळी. पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ मध्ये यवतमाळहून तिथं आली. नोकरी सोडता येत नसेल तर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज हा बाह्य, म्हणजे रोज वर्गात न जाता करायचा, अभ्यासक्रम बघा. सेरामपूरला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली, तेव्हापासून पदव्या देण्याचा अधिकार त्यांच्याकडं आहे. तिथल्याच विल्यम केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, हे जाता जाता. ही पदवी दाखवून सरकारी नोकरीला अर्ज करणार असाल तर समकक्षतेचा प्रश्न आधी त्या खात्याकडून लेखी सोडवून घ्या.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीत. विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी वेगळी आणि कॉलेजचा अर्ज वेगळा, दोन्ही भरायचे. पहिल्याची प्रिंट दुसऱ्याला जोडावी लागते. कागद तपासणीला जायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतरा, महापालिका मार्गानं चालत निघा. झेवियर्स त्याच रस्त्यावर आहे. मूळ कागद आणि झेरॉक्सचे तीन संच इथूनच घेऊन जा. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही, तिथं ऐन वेळी दुकान शोधत पळावं लागतं.