नोकरीतील तक्रार कोणाकडे न्यावी : खानदेशातील नव्या शिक्षकांसाठी

शिक्षण खात्यात नव्याने लागलेले सहकारी वेतन, बदली किंवा सेवाज्येष्ठतेची तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी नियुक्तीचा आदेश काढायला सांगतो, कारण पुढचा सगळा मार्ग आपला नियुक्ती प्राधिकारी, म्हणजे आपल्याला नेमणूक देणारा अधिकारी किंवा संस्था, कोण यावर ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याला जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित खाजगी विद्यालय आणि शासकीय आश्रमशाळा जवळजवळ असतात. तिन्हीकडच्या शिक्षकांना गाव ‘सर’ म्हणूनच हाक मारते, पण त्यांच्या तक्रारींची ठिकाणे पूर्णपणे वेगळी आहेत.

जिल्हा परिषद शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक व केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो. आश्रमशाळेचे प्रकरण यावल, धुळे, नंदुरबार किंवा तळोदा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात सुरू होते आणि शासकीय कर्मचारी म्हणून तेथील शिक्षकाला शासकीय कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार उघडे असते. खाजगी शाळांना 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली लागू आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांविरुद्ध आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. संस्थाचालक ‘बघू, मिटवू’ म्हणत राहतात आणि तेवढ्यात ही मुदत निघून जाते. समझोत्याची बोलणी चालू असली तरी अपील दाखल करून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या अन्यायापेक्षा रोजच्या नोकरीत छळतात त्या कागदावरच्या त्रुटी. तालुका बदलून आल्यानंतर बारा वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा माझा प्रस्ताव ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’ असा शेरा घेऊन आला, कारण सेवापुस्तकात एका वर्षाच्या सेवा पडताळणीच्या नोंदीखाली सही नव्हती. जुने कार्यालय म्हणे, सेवापुस्तक आता आमच्याकडे नाही. नवे म्हणे, ही नोंद आमच्या काळातली नाही. आस्थापना शाखेतील एका जुन्या लिपिकाने सुचवले, “आप्पा, तोंडी कितीही सांगा, टिपणी कागदावरच चालते.” टिपणी म्हणजे प्रकरणाच्या फाइलवर लिहिला जाणारा कार्यालयीन अभिप्राय. मग मी एक पानी अर्ज केला, त्याला सेवापुस्तकाच्या त्या पानाची छायाप्रत जोडली, त्या वर्षाच्या वेतन देयकांवरून सेवा पडताळून द्यावी एवढी एकच मागणी मांडली आणि तो नव्या कार्यालयामार्फत जुन्या कार्यालयास पाठवला. सही झाली. त्याच अर्जात वैद्यकीय देयक आणि थकीत फरकही घातला असता, तर प्रत्येक टेबलाने आपल्यापुरता भाग बाजूला ठेवला असता.

अर्ज योग्य मार्गेच पाठवावा, पण वरिष्ठांना आगाऊ प्रत जरूर द्यावी, आणि टपाल शाखेतून आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोला पोच समजणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ते वेगळेच. दोन स्मरणपत्रांनंतरही हालचाल नसेल, तर माहितीच्या अधिकारात आपल्या संचिकेतील (फाइलमधील) टिपणीची प्रत मागावी. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते आणि संचिका कोणत्या टेबलावर अडली आहे ते त्यातून नेमके कळते. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रशासन भरवते त्या लोकशाही दिनाला मात्र जाऊ नका, तेथे सेवाविषयक व आस्थापनाविषयक अर्ज स्वीकारले जात नाहीत. लैंगिक छळाची तक्रार या सगळ्या साखळीतून नेण्याचे कारण नाही. ती 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे, किंवा दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

संघटनेचे सभासद जरूर व्हावे, कारण एकट्याचा अर्ज बाजूला पडतो तेथे शिष्टमंडळाला वेळ मिळते. मात्र वैयक्तिक प्रकरणाची कागदपत्रे पदाधिकाऱ्याच्या पिशवीत नव्हे, आपल्याच कपाटात असावीत. खानदेशाचे शिक्षण उपसंचालक नाशिकला बसतात, तर जळगाव, धुळे व नंदुरबारसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. तेथे याचिका दाखल करताना वकील पहिल्यांदा विचारतात की सक्षम प्राधिकाऱ्याला लेखी निवेदन केव्हा दिले होते, आणि त्याची पोच मागतात.